एका सेकंदाला एक चेंडू

डेन्मार्कमधल्या बिलुन्डला रेल्वे नाही. जगभरची पोरं ज्या ठोकळ्यांचे रूळ आणि आगगाड्या जोडत वाढली, त्या लेगोच्या गावाला स्वतःचं स्टेशन नाही, हे मला विमानतळाबाहेर बसची वाट बघताना कळलं. विमानतळ मात्र झकास आहे, आणि तोही लेगोच्याच पुढाकाराने 1964 मध्ये सुरू झालेला. सोबत चौदा वर्षांचा भाचा, पाठीवर कपड्यांची सॅक आणि दोघांच्या मध्ये एक खोका. खोक्यात माझा जिना.

जिना म्हणजे प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं एक यंत्र. पायऱ्यांच्या दोन जोड्या आळीपाळीने वरखाली होतात. प्रत्येक पायरी पुढच्या बाजूला किंचित उतरती असते, त्यामुळे चेंडू वर आलेल्या पायरीवरून खाली आलेल्या पुढच्या पायरीवर घरंगळतो, मग ती वर जाते, तो त्यापुढच्या पायरीवर घरंगळतो. असं करत तो माथ्यावर पोचतो आणि पलीकडे पडतो. एवढंच. हे करायला मला चार महिने लागले.

या छंदाचं नाव ग्रेट बॉल कॉन्ट्रॅप्शन, हौशी मंडळींत नुसतं जीबीसी. स्टीव्ह हॅसनप्लग हा अमेरिकी गडी आणि त्याच्या मित्रांनी 2005 च्या सुमारास याचे नियम बांधले, आणि ते इतके थोडके ठेवले म्हणूनच टिकले असं माझं मत आहे. प्रत्येक यंत्राला, म्हणजे मॉड्यूलला, डाव्या अंगाला एक टोपली हवी. बाहेरून 10 बाय 10 स्टड (स्टड म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा), उंची 10 ठोकळ्यांपर्यंत. एक स्टड 8 मिलिमीटर धरला की टोपली झाली 8 सेंटिमीटर चौरस आणि साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास उंच. चेंडू टोपलीत येणार, तुम्ही त्याला हवं तसं नाचवा आणि उजवीकडच्या शेजाऱ्याच्या टोपलीत टाका. सरासरी वेग सेकंदाला एक चेंडू. साठवून एकदम टाकायचे असतील तर एका वेळी 30 पर्यंत चालतात. या शेवटच्या वाक्याकडे मी घरी नीट लक्ष दिलं नव्हतं. पुढे येतंच ते.

बिलुन्डमध्ये आम्ही एक दिवस काढला तो लेगो हाऊससाठी. 2017 मध्ये उघडलेली ही इमारत बाहेरून एकमेकांवर रचलेल्या पांढऱ्या ठोकळ्यांसारखी दिसते. आत जिन्याच्या मधोमध 15 मीटर उंचीचं एक झाड उभं आहे, 63 लाखांहून जास्त ठोकळ्यांचं. भाचा त्याच्याभोवती तीनदा वर गेला आणि तीनदा खाली आला. मी एकदाच गेलो. खरं सांगायचं तर न हलणाऱ्या गोष्टींचं मला फारसं कौतुक नाही.

दुसऱ्या दिवशी बसने वायले, तिथून रेल्वेने ब्रामिंग, ब्रामिंगला गाडी बदलून दक्षिणेकडे. ही छोटी गाडी डेन्मार्कच्या सगळ्यात जुन्या गावावरून, रीबेवरून जाते. सपाट, ओलसर कुरणं, मध्येच गाई, आणि कुठेही टेकडी म्हणून नाही. रीबेच्या चर्चचा मनोरा गाव मागे पडलं तरी कितीतरी वेळ खिडकीत होता. मी खोका मांडीवर धरून बसलो होतो. वळण आलं की आत काहीतरी खुळखुळायचं आणि माझ्या पोटात गोळा यायचा.

स्केरबेक हे अगदी लहान गाव. इथल्या क्रीडासंकुलात दर वर्षी सप्टेंबरच्या शेवटाला लेगोवेड्यांचा फॅन वीकएंड भरतो. आत शिरल्यावर आधी दिसत काही नाही, ऐकू येतं. पत्र्याच्या छपरावर बारीक पाऊस पडावा तसा सतत टकटकाट, त्यात मोटारींची घरघर, आणि मधूनच एकदम ओतल्यासारखा सरसराट. टेबलांचं एक मोठं कडं मांडलेलं, त्यावर यंत्राला यंत्र लागून, आणि सगळ्यांतून तेच चेंडू गोल फिरताहेत. हे लेगोचे फुटबॉल, 14 मिलिमीटर व्यासाचे. दोन स्टड रुंदीची वाट असते 16 मिलिमीटरची. म्हणजे चेंडूला दोन्ही बाजूंना मिळून 2 मिलिमीटर मोकळीक, आणि या छंदातली निम्मी भांडणं त्या 2 मिलिमीटरमध्ये होतात.

माझ्या डावीकडे एक डच आजोबा होते. त्यांचं यंत्र म्हणजे मोठी बादली, जी भरेपर्यंत शांत बसते आणि भरली की कलंडते. एका दमात 30 चेंडू. उजवीकडे एक जर्मन जोडपं. त्यांच्याकडे अकियुकी नावाच्या जपानी कारागिराच्या एका यंत्राची घरी बांधलेली नक्कल होती. त्याची यंत्रं पाहून मला नेहमी वाटतं की हा माणूस ठोकळे जोडत नाही, चेंडूंना शिस्त लावतो. ती नक्कल इतकी देखणी होती की लोक माझ्या जिन्यासमोरून सरकत सरकत थेट तिच्यासमोर जाऊन थांबायचे.

खोका उघडला तेव्हा दोन पायऱ्या निखळल्या होत्या. त्या लावल्या, टोपली आजोबांच्या बादलीखाली सरकवली, बटण दाबलं. माझं गणित असं होतं: मोटर भाराशिवाय मिनिटाला साधारण 400 फेरे मारते. 8 दात्यांच्या गिअरने 24 दात्यांचा फिरवला की वेग तिसरा हिस्सा, तेच दोनदा केलं की नववा हिस्सा, म्हणजे 44 फेरे. दर फेऱ्याला दोन चेंडू वर, म्हणून 88. भार आल्यावर घरी मोजले तेव्हा मिनिटाला 68 भरले होते. लागतात 60. चोख.

पहिली बादली ओतली गेली. 30 चेंडू माझ्या टोपलीत धाडकन पडले, जिन्याने चार-पाच उचलले आणि मग पायऱ्या रिकाम्याच वरखाली होऊ लागल्या.

"मामा, तुझा जिना उपाशी आहे," भाचा म्हणाला.

टोपली तर काठोकाठ भरलेली. वाकून पाहिलं तेव्हा कळलं. टोपलीतून पायरीकडे जाणाऱ्या तोंडाशी तीन चेंडू एकमेकांना आणि दोन्ही भिंतींना टेकून कमानीसारखे बसले होते. वरच्या चेंडूंचं वजन ती कमान मोडत नव्हतं, उलट घट्ट करत होतं. दगडी पुलाची कमान ज्या कारणाने उभी राहते, नेमक्या त्याच कारणाने. घरी मी एकेक चेंडू हाताने टाकून तपासलं होतं, तेव्हा कमान व्हायला तीन चेंडू एकत्र आलेच कधी? बोटाने टोचलं की सगळे भडाभडा सुटत. बादली कलंडली की पुन्हा तेच. टोपली भरून चेंडू टेबलावरून खाली जमिनीवर उड्या मारू लागले, आणि आजोबांनी शांतपणे हात लांब करून स्वतःची मोटर बंद केली. पाठोपाठ त्यांच्या मागच्याने. मग त्याच्या मागच्याने. कड्यातला तो पावसाचा आवाज माझ्यापासून डावीकडे एकेक करत विझत गेला. इतकी शरम मला बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती.

"तुमचा दोष नाही," आजोबा म्हणाले, "माझ्या शेजाऱ्याचं पहिल्या दिवशी दर वर्षी असंच होतं." यात दिलासा होता की अभिमान, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

उपाय भाच्याने काढला. जिन्याच्या फिरत्या दांड्याला एक आडवी पट्टी जोडायची, तिचं टोक टोपलीच्या तोंडाशी आणायचं, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला ती चेंडूंना एक ढुशी देईल. पट्टी आमच्याकडे होती, पिना नव्हत्या. आजोबांनी डबा पुढे केला आणि दोन काळ्या पिना काढून दिल्या. काळ्याच हव्यात, कारण त्या भोकात घट्ट बसतात. राखाडी सैल फिरतात. पट्टी बसली, पण आता ढुशीचा भार मोटरवर आला आणि वेग 61 वर उतरला. मी घड्याळ लावून तीनदा मोजलं. 61, 60, 61. काठावर पास.

दुपारी काम नसल्यासारखं वाटलं तेव्हा आम्ही एक चेंडू हेरला. पांढऱ्या फुटबॉलमध्ये कुणीतरी एक नारिंगी बास्केटबॉल सोडला होता. त्याच्यामागे टेबलाटेबलाने चालत गेलो. चक्रात अडकला, साखळीवर चढला, एका यंत्रात तर सुमारे दोन मिनिटं भोवऱ्यासारखा गरगरत राहिला, आणि एका टोपलीच्या कोपऱ्यात इतका वेळ मुक्काम ठोकला की भाचा कंटाळून खुर्ची घेऊन आला. पूर्ण फेरीला 26 मिनिटं. माझ्या जिन्यावरून तो 11 सेकंदांत गेला. त्यातही एकदा तो सातव्या पायरीवर थबकला आणि मी श्वास रोखला.

रविवारी संध्याकाळपर्यंत जर्मन जोडप्याचं देखणं यंत्र चारदा थांबलं, आजोबांची बादली एकदाही नाही. माझा जिना सहादा. चेंडू सगळ्यांचे एकत्र झालेले असतात, त्यामुळे शेवटी आपले वेगळे काढायचा प्रश्नच नसतो. जितके आणले तितके साधारण अंदाजाने पिशवीत भरायचे.

परतताना बिलुन्डच्या विमानतळावर खोका तपासणीत बाजूला काढला गेला. गिअर, मोटर, वायरी, पिशवीभर चेंडू. अधिकारी बाईंनी जिना दोन्ही हातांत धरून उलटसुलट पाहिला.

"हे काय करतं?"

"चेंडू वर नेतं," मी म्हणालो.

"आणि मग?"

"शेजाऱ्याला देतं."

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग भाच्याकडे. मग निखळलेली एक पायरी पट्टकन जागेवर दाबून बसवली आणि खोका बंद केला.