ग्लासातलं पाणी

त्या बाईसमोरच्या ग्लासात पाणी अर्धं होतं. टेबलावर हात आपटून ती ओरडली, "तू कोण मला विचारणारा?" कॅमेरा समोरच्या माणसावर गेला. त्याने ओठ मुडपले, भुवया वर नेल्या. कॅमेरा परत बाईवर आला, तेव्हा ग्लास काठोकाठ भरलेला होता. आणखी दोन वाक्यं झाली आणि तो पुन्हा अर्धा.

मी उशीच्या अभ्र्याची घडी घालत होते, ती तशीच हातात राहिली. मधल्या वेळात पाणी ओतायला कुणी आलं नव्हतं. म्हणजे बाईचं ओरडणं एका वेळचं आणि त्या माणसाच्या भुवया भलत्याच वेळच्या. तो तिच्याकडे तुच्छतेने बघतोय असं मला वाटलं होतं, रागही आला होता त्याचा. प्रत्यक्षात त्या भुवया कशामुळे वर गेल्या असतील कोण जाणे. स्टुडिओत कुणाच्या हातून काही पडलंही असेल. शेजारी माझा भाचा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याला सांगितलं तर मान वर न करता म्हणाला, "मावशी, त्याला कंटिन्युइटी चुकली म्हणतात. एवढं काय त्यात?"

एवढं काय ते मलाही सांगता आलं नाही. पण तेव्हापासून भांडणाचे कार्यक्रम बघताना माझं लक्ष माणसांवर कमी आणि ग्लासांवर जास्त असतं. बाह्यांच्या घड्या, सुटलेली बट, टेबलावरचा टिश्यूचा बोळा. माणूस काय बोलला ते कापता येतं, चिकटवता येतं. वेगवेगळ्या वेळी बोललेले तुकडे जोडून त्याने कधी न बोललेलं वाक्यही तयार करता येतं. बिचारा टिश्यूचा बोळा मात्र खरं बोलून जातो.

हो, मी असले कार्यक्रम बघते. "छे, आम्ही नाही बघत" म्हणणारी माणसं मला भरपूर भेटतात. त्यांना या आठवड्यात कोण बाहेर जाणार, कोण कुणाशी बोलत नाही आणि मागच्या शनिवारी सूत्रसंचालकाने कुणाला झापलं, हे सगळं ठाऊक असतं. "जाता-येता दिसलं" म्हणतात. इतकं जाता-येता करतात म्हणजे घर मोठं असणार.

दुसऱ्याचं भांडण ऐकायला आवडतं, यात टीव्हीचा काही दोष नाही. शेजारच्या घरात आवाज चढला की आपण आपला नळ हळूच बंद करतो. खिडकी पुसायची आठवण नेमकी तेव्हाच होते. माझ्या लहानपणी आमच्या वरच्या मजल्यावर एक जोडपं कडाकडा भांडायचं, आणि जिन्यात आम्ही सगळी पोरं एकेक पायरी धरून बसायचो. त्या भांडणातला एकही शब्द आता आठवत नाही. आठवतात ते खालच्या मजल्यावरचे एक काका. अंगात बनियन, हातात अर्धवट वाचलेला पेपर. ते आमच्यामधून वाट काढत वर जायचे, दार ठोठवायचे आणि म्हणायचे, "बास झालं आता." कधी आतून त्यांनाच चार शब्द ऐकायला मिळायचे. एकदा एक वाटीही आली भिरभिरत. पण भांडण तिथे थांबायचं. आम्हा पोरांना त्यांचा भयंकर राग यायचा, ऐन रंगात आलेलं सगळं बंद पाडतात म्हणून.

घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणू नये असं आपण म्हणतो. पण चव्हाट्याला चार रस्ते असतात. कुठल्या तरी रस्त्याने "जाऊ द्या हो" म्हणणारा एखादा येऊ शकतो. स्टुडिओला दार एकच, आणि आत कुणाला कधी सोडायचं हे भांडण मांडणाऱ्याच्या हातात.

अमेरिकेतल्या जेरी स्प्रिंगरच्या कार्यक्रमाकडे मी या अंगाने बघते. हा गृहस्थ 1970च्या दशकात सिनसिनाटी शहराचा महापौर होता. 1991 साली त्याचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्यात राजकारणावर बऱ्यापैकी गंभीर चर्चा व्हायच्या. त्याला फारसे प्रेक्षक नव्हते. मग हळूहळू नवरे, बायका, त्यांची गुपितं आणि शेवटी खुर्च्या आल्या. 1998च्या सुमाराला त्याने प्रेक्षकसंख्येत तेव्हा अशा गप्पांच्या कार्यक्रमांत आघाडीवर असलेल्या ऑप्रा विन्फ्रीलाही मागे टाकलं. मंचाच्या कडेला दणकट सुरक्षारक्षक उभे असायचे. मारामारी सुरू झाली की ते मधे पडायचे. पण कधी? दोन-चार फटके बसून, केस ओढून झाल्यावर. थोडक्यात, आमच्या बनियनवाल्या काकांना तिथे पगारावर ठेवलं होतं आणि वर जरा सावकाश जायला सांगितलं होतं. रक्षकांचा प्रमुख पुढे इतका लोकप्रिय झाला की 2007मध्ये त्याचाच स्वतंत्र कार्यक्रम आला. स्प्रिंगर मात्र प्रत्येक भागाच्या शेवटी कॅमेऱ्याकडे बघून दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगायचा. आधी काडी लावायची आणि मग धुराचे तोटे सांगायचे.

त्याच्याही आधी, 1988 साली हेराल्डो रिव्हेरा नावाच्या सूत्रसंचालकाने वंशद्वेष्ट्या तरुणांना आणि त्यांच्या विरोधकांना एकाच मंचावर बसवलं होतं. खुर्च्या उडाल्या आणि त्याचं स्वतःचंच नाक मोडलं. हा एकच प्रसंग मला माहीत आहे, जिथे काडी लावणाऱ्याचा हात (म्हणजे नाक) भाजला. एरवी दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ.

1995 सालचं प्रकरण मात्र वाचून हातातली घडी खाली ठेवावीशी वाटते. अमेरिकेतल्याच जेनी जोन्स या सूत्रसंचालिकेच्या कार्यक्रमात एका तरुणाला बोलावलं गेलं. तुमच्यावर गुपचूप प्रेम करणारं कुणीतरी आहे, ते कोण हे मंचावर कळेल, असा एकूण मामला होता. मंचावर कळलं की तो त्याच्या ओळखीचा एक पुरुष आहे. प्रेक्षक हसले, तोही कसनुसा हसला. तीन दिवसांनी त्याने त्या माणसाला गोळ्या घालून मारलं. तो भाग कार्यक्रम म्हणून कधी दाखवलाच गेला नाही. खुनी तो तरुणच, याबद्दल दुमत नाही. त्याला शिक्षा झाली. पण मृताच्या घरच्यांनी कार्यक्रमावरही दावा लावला. 1999मध्ये ज्युरीने सुमारे अडीच कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितली आणि 2002मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. चित्रीकरणानंतर तीन दिवसांनी दुसऱ्याच कुणी केलेल्या खुनापासून पाहुण्याला वाचवणं हे कार्यक्रमाचं कायदेशीर कर्तव्य नव्हतं, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

कायद्याने बघितलं तर बरोबरच असेल. न्यायालयाला थेट धागा लागतो. ब्रिटनमध्ये जेरेमी काइल नावाच्या सूत्रसंचालकाचा असाच कार्यक्रम 2005 ते 2019 अशी चौदा वर्षं चालला. तिथल्या एका न्यायाधीशाने 2007 सालीच भर कोर्टात त्याला अस्वलाच्या खेळाची उपमा दिली होती. हा जुना खेळ असा, की अस्वल खुंट्याला बांधायचं आणि त्याच्यावर कुत्री सोडायची. आपण बाजूने उभं राहून बघायचं. 2019मध्ये त्या कार्यक्रमातल्या लाय डिटेक्टर चाचणीत खोटा ठरलेला एक पाहुणा चित्रीकरणानंतर काही दिवसांतच मृतावस्थेत सापडला, आणि कार्यक्रम कायमचा बंद झाला. तो मृत्यू आत्महत्या होता, असा निष्कर्ष 2024मध्ये न्यायालयीन चौकशीत निघाला. पण कार्यक्रमामुळेच तो झाला, असा ठाम दुवा जोडता येत नाही, असंही त्यात म्हटलं होतं. पुन्हा तेच. धागा सापडत नाही.

लाय डिटेक्टरचं मला फार नवल वाटतं. ते यंत्र मोजतं काय? श्वास, नाडी, रक्तदाब आणि तळव्यांचा घाम. यातलं काहीही खोटं बोलताना वाढतं तसं शेकडो लोकांसमोर बायकोच्या शेजारी बसवल्यावरही वाढेल. माझा तर बँकेत सही जुळेल की नाही या काळजीने वाढतो. आपल्याकडे 2009 साली याच यंत्रावर बेतलेला 'सच का सामना' हा कार्यक्रम आला तेव्हा केवढा गहजब झाला होता. थेट सरकारची नोटीस गेली. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपीवर ही चाचणी त्याच्या मर्जीविरुद्ध लादता येणार नाही. म्हणजे गुन्ह्याचा तपास करणाऱ्या पोलिसालाही जपून वापरावं लागणारं यंत्र, मनोरंजनाला मात्र राजरोस चालतं. कारण तिथे माणसाने सही केलेली असते.

ही सही सगळ्या वादांचं औषध आहे. "कुणी जबरदस्ती केली होती का?" नसते केलेली, हे मी मान्य करते. प्रौढ माणसं आपल्या पायांनी येतात. त्यांना तेवढीही अक्कल नाही असं धरून चालणं हासुद्धा एक प्रकारचा माज आहे. आणि खरं सांगायचं तर या कार्यक्रमांवर नाकं मुरडण्यात 'असली माणसं' बघून मुरडलेली नाकं बरीच असतात. कित्येकांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी खुर्ची देऊन "बोला" म्हटलेलं असतं. मीही गेले असते कदाचित. पण सही होते ती येण्याबद्दल. ग्लास कुठल्या वेळचा आणि भुवया कुठल्या वेळच्या, हे नंतर बंद खोलीत ठरतं, आणि तिथे सही करणाऱ्याला खुर्ची नसते.

1997मध्ये स्वीडनमध्ये एका बेटावर माणसं नेऊन सोडण्याचा कार्यक्रम झाला. पुढे जगभर गाजलेल्या 'सर्व्हायव्हर'चा तो पहिला अवतार. त्यातून सगळ्यात आधी बाहेर काढलेल्या माणसाने, कार्यक्रम टीव्हीवर यायच्या आधीच, जीव दिला. आपण केलेलं चांगलं सगळं कापून टाकतील आणि आपलं हसं करतील, ही भीती त्याला होती, असं त्याच्या पत्नीने नंतर सांगितलं. एकही भाग दाखवला गेला नव्हता. न बघितलेल्या एडिटिंगची भीती होती ती.

आणि जेड गुडी, ब्रिटनमधल्या अशाच कार्यक्रमांतून प्रसिद्ध झालेली बाई. 2007 साली ब्रिटनच्या 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'मध्ये तिने शिल्पा शेट्टीला जे वंशद्वेषी बोल ऐकवले, त्यावरून तिथल्या टीव्हीच्या नियामकाकडे चाळीस हजारांहून जास्त तक्रारी गेल्या. मीही तेव्हा तिच्यावर तावातावाने बोलले होते. एका बाईबद्दल इतका राग यावा, आणि तिची माझी कधी गाठ नाही, भेट नाही! दुसऱ्या वर्षी ती आपल्याकडच्या 'बिग बॉस'मध्ये आली. सूत्रसंचालक होती शिल्पा शेट्टीच. आत गेल्यावर दोन-तीन दिवसांत, त्याच घरात असताना, तिला कॅन्सर झाल्याचं कळलं. 2009च्या मार्चमध्ये ती गेली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. वाईट वाटलंच. पण त्याहून जास्त खटकलं ते हे, की तिच्यावरचा माझा राग कधी, कुठे संपला याचा मला पत्ताच लागला नाही. एक भाग संपला आणि दुसरा लागला, इतकंच. आमच्या वरच्या मजल्यावरचं जोडपं भांडणानंतर दुसऱ्या दिवशी जिन्यात दिसायचं. तिच्या हातात पिशवी, त्याच्या हातात किल्ली. त्यांच्याकडे बघून आम्हाला आदल्या दिवशी जिन्यात बसल्याची लाज वाटायची.

ब्रिटनमध्ये 2021पासून नियम झाले आहेत, की भाग घेणाऱ्यांची काळजी घेतली पाहिजे, संभाव्य धोक्यांची त्यांना कल्पना दिली पाहिजे. चांगलंच आहे. धोक्याच्या कल्पनेचाही एक कागद होईल आणि त्यावर एक सही.

हे सगळं मी गेल्या रविवारी बहिणीला सांगत होते. ती भाज्या निवडता निवडता ऐकत होती. मग बोलता बोलता विषय कुठून कसा वळला कळलं नाही, पण आईच्या औषधांच्या वेळा कोण सांभाळतं आणि कोण नुसतं फोनवर चौकशी करतं, यावर आलो. आवाज चढले. मागची दहा वर्षं निघाली. "तुला सगळं करून वर मोठेपणा हवा असतो," ती म्हणाली. मी म्हणाले, "आणि तुला न करता." वाक्य चांगलं जमलं होतं, हे मला त्या रागातही जाणवलं.

तेवढ्यात लक्ष गेलं. भाचा दारात उभा. त्याच्या हातात मोबाइल, आडवा धरलेला.

आम्ही दोघी गप्प झालो. बहिणीचा हात केसांकडे गेला. माझाही.

"मावशी," तो म्हणाला, "मगाचं ते परत म्हण ना. नीट आलं नाही."

"कुठपासून?" मी विचारलं.