लंब रेषेचा चढ आणि कागदाचा एक त्रिकोण

शाळा सुटून बरीच वर्षे झाल्यावर मी निर्देशक भूमिती पुन्हा हाती घेतली, तेव्हा रेषेचे समीकरण मांडणे आपल्याला येते अशी माझी ठाम समजूत होती. य = मक्ष + क हे रूप पाठ होते; त्यात म म्हणजे चढ, क्ष एकाने वाढला की य जेवढा बदलतो तो, आणि क म्हणजे रेषा य-अक्षाला जिथे छेदते ते स्थान, हेही ठाऊक होते. समांतर रेषांचे चढ समान असतात आणि लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ येतो, ही दोन वाक्ये तर झोपेतून उठवले असते तरी म्हणून दाखवली असती.

पहिल्याच उदाहरणाने ही समजूत उतरवली. २क्ष + ३य = १२ या रेषेला लंब असणारी आणि (४, −१) या बिंदूतून जाणारी रेषा शोधायची होती. क्षचा सहगुणक २ दिसला म्हणून मी चढ २ धरला, त्याचा व्यस्त घेऊन चिन्ह बदलले, −१/२ मिळवले आणि क्ष + २य = २ असे उत्तर लिहून मोकळी झाले. बिंदू घालून पाहिला तर ४ − २ = २, म्हणजे ताळाही जुळला. अर्थात हा ताळा रेषा त्या बिंदूतून जाते एवढेच सांगतो, ती कोणत्या दिशेने जाते हे सांगत नाही. पण तेव्हा ते सुचले नाही.

आलेख कागदावर दोन्ही रेषा काढल्या तेव्हा मात्र हसू आले. दिलेली रेषा (०, ४) पासून (६, ०) कडे उतरत होती आणि माझी ‘लंब’ रेषा तिच्या सोबतीनेच, जवळजवळ समांतर, उतरत निघाली होती. य एकटा केल्याशिवाय चढ वाचता येत नाही, हे मी विसरले होते. य = −(२/३)क्ष + ४ असे लिहिल्यावर खरा चढ −२/३ निघाला.

त्याच बिंदूतून जाणाऱ्या समांतर रेषेने फारसा त्रास दिला नाही. डावी बाजू तशीच ठेवून तिच्यात बिंदू घातला की ८ − ३ = ५, म्हणून २क्ष + ३य = ५. उजवीकडे पुन्हा १२ च आले असते, तर ती वेगळी रेषा नसून मूळचीच ठरली असती.

लंब रेषेच्या नियमात मात्र व्यस्तही घ्यायचा आणि चिन्हही बदलायचे, हे दोन्ही एकदम का, ते मला कधीच कळले नव्हते. शेवटी मी आलेख कागदातून एक काटकोन त्रिकोण कापला: पाया ३ घरे, उंची २ घरे. रेषेवरून ३ घरे उजवीकडे गेले की २ घरे खाली यावे लागते, तसा तो कर्णाच्या बाजूने रेषेला टेकवून ठेवला आणि घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवला. उजवीकडे जाणारी ३ घरे आता वर जाऊ लागली आणि खाली येणारी २ घरे उजवीकडे. पायाची उंची झाली, म्हणून अपूर्णांक उलटला. उतरण चढण झाली, म्हणून चिन्ह बदलले. चढ ३/२ आला, त्यावरून य + १ = (३/२)(क्ष − ४), म्हणजेच ३क्ष − २य = १४. बिंदू (४, −१) असल्यामुळे डावीकडे य − (−१) येते, तिथे मी आणखी एकदा घसरलेच.

उत्तर बरोबर आल्यावर नव्या कागदावर आकृती काढली, तर दोन रेषांमध्ये गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची त्रिकोणी पट्टी, बसेना. पुन्हा सगळे तपासले. समीकरण निर्दोष होते. क्ष-अक्षावर एका एककाला एक घर आणि य-अक्षावर दोन घरे असे प्रमाण मीच घेतले होते. अशा कागदावर समांतर रेषा समांतरच दिसतात, काटकोन मात्र बहुधा बिघडतो.

त्यानंतर क्ष = ४ ही उभी रेषा समोर आली आणि हात सवयीने गुणाकाराकडे गेला. उभ्या रेषेला चढच नसतो, कारण तो काढताना शून्याने भागावे लागते. तेव्हा −१ चा नियम इथे लावायला काही उरतच नाही. तिला (४, −१) मधून जाणारी लंब रेषा आडवी, म्हणून य = −१. हे एकच उत्तर मी कच्चे काम न करता लिहिले.