शिलाई मशीन, एक

माझे वडील साताऱ्याच्या कोर्टात बेलिफ होते. जप्तीहून आले की जेवताना काय आणलं यापेक्षा काय सोडून आलो ते सांगायचे. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे, बाईचं मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं... यांना हात लावायचा नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम 60. ते लहानपणीच माझ्या कानावर पक्कं बसलं.

मी जर्मन कागदपत्रांची भाषांतरं करते. नाझी काळात लुबाडलेली मालमत्ता परत मागणाऱ्या ज्यू कुटुंबांची कामं एका वकिलामार्फत येतात. त्या दिवशी वॉशिंग्टनजवळ कॉलेज पार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात होते. जर्मनीतल्या अमेरिकी कॉन्सुलेटांची, म्हणजे वाणिज्य दूतावासांची, दप्तरं तिथे आहेत. पेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल घ्यायची, एका वेळी एकच फाइल उघडायची.

ज्या ज्यू आजींसाठी शोधत होते, त्यांचं प्रकरण जर्मनीतल्या लाइपझिगचं. त्यांचे आजोबा तिथे शिंपी. आजींची आई तेवढी 1939 मध्ये ज्यू मुलांना एकटंच बाहेर काढणाऱ्या गाडीने इंग्लंडला पोचली, बाकी कुणी वाचलं नाही. हातात कागद एकही नाही. आजोबांचा भाऊ मात्र अमेरिकेचा नागरिक होता आणि त्याने कॉन्सुलला पत्रं लिहिली होती, एवढाच धागा.

लाइपझिगचे अमेरिकी कॉन्सुल डेव्हिड बफम यांचा 21 नोव्हेंबर 1938 चा अहवाल मी आधीच वाचला होता, 9-10 नोव्हेंबरच्या रात्री नाझींनी देशभर ज्यूंवर केलेल्या हल्ल्यांबद्दलचा. पुढे तो नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून आला. त्यात अठरा वर्षांच्या मुलाला तिसऱ्या मजल्यावरून फेकल्याचं आहे, माणसांना प्राणिसंग्रहालयाच्या बागेतल्या ओढ्यात ढकलून बघ्यांना त्यांच्यावर थुंकायला लावल्याचंही. पण मला सगळ्यात लागलं ते बामबर्गर अँड हर्ट्झ या कपड्यांच्या दुकानाचं. दुकान पेटवलं नाझींनी, आणि पहाटे सहाला अंथरुणातून ओढून तुरुंगात टाकलं मालकांना, तुम्हीच आग लावलीत म्हणून! त्या रात्रीनंतर दोनच दिवसांत, 12 नोव्हेंबरला, हुकूम निघाले: ज्यूंनी शंभर कोटी मार्कांचा दंड भरायचा, मोडतोड स्वखर्चाने दुरुस्त करायची, आणि विम्याचे पैसे सरकारजमा.

दुपारी तिसऱ्या खोक्यात भावाचं पत्र सापडलं. सोबत टाइप केलेली यादी, कार्बनची प्रत, कडा तपकिरी झालेल्या. देश सोडणाऱ्याला सामानाची अशी यादी द्यावीच लागे: 1933 आधी घेतलेलं, नंतर घेतलेलं, जाण्यासाठी नवं घेतलेलं, असे तीन भाग. नव्यावर वेगळी रक्कम भरायची. रुमाल बारा. उशीचे अभ्रे सहा. मुलीचे हिवाळी बूट, एक जोड. शिंप्याची कात्री दोन. शिलाई मशीन, एक.

मी तिथेच थांबले. वडिलांच्या हातचे पंचनामे असेच असत, नगाला नग. फक्त या यादीत सोडायचं असं काहीच नव्हतं.

भावाने विचारलं होतं, सामानाची पेटी हॅम्बुर्गला गेली आहे, माणसं अजून तिथेच आहेत, काही करता येईल का? कॉन्सुलेटचं उत्तर चार ओळींचं होतं. सामानाचा मालक अमेरिकी नागरिक नाही, त्यामुळे मध्यस्थी करता येत नाही. व्हिसाचा नंबर आल्यावर कळवू. जर्मनी आणि ऑस्ट्रिया मिळून अमेरिकेत येऊ देण्याचा वर्षाचा कोटा 27,370 माणसांचा होता आणि रांग त्याच्या कितीतरी पटींनी लांब. बफम यांच्यासारख्या माणसांनी सगळं डोळ्यांनी पाहून वॉशिंग्टनला कळवलं होतं. तरी तो आकडा वाढला नाही. याचा मला आजही संताप येतो. हॅम्बुर्गला अडकलेल्या अशा पेट्या 1941 पासून गेस्टापोने, नाझींच्या गुप्त पोलिसांनी, लिलावात विकायला काढल्या.

फोटो काढले, बाहेर येऊन आजींना फोन लावला. म्हटलं, "आजी, यादी मिळाली." त्या काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, वाच. मी रुमालांपासून वाचायला लागले. बुटांपाशी त्यांनी थांबवलं, "ते माझ्या आईचे." मशीनचं नाव आलं तेव्हा म्हणाल्या, इंग्रजीत नको, तिथे लिहिलंय तसंच म्हण.

मी म्हटलं, नेमाशिने. त्या म्हणाल्या, पुन्हा एकदा.