लोखंडी शेड पावसाआधी हवी असेल तर तारखा मेपासून उलट्या मोजा

गोव्यात मान्सून साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, आणि वळवाच्या सरी त्याच्या आधीच गाठतात. म्हणून शेडचं वेळापत्रक भूमिपूजनाच्या मुहूर्तापासून पुढे मोजण्यात अर्थ नाही. 15 मे ही तारीख पक्की धरा आणि तिथून मागे या. त्या दिवशी छपराचा शेवटचा पत्रा आणि पन्हळ जागेवर बसलेली हवी.

20 बाय 30 मीटरची, 6 मीटर उंच शेड घेऊ. लहान कारखान्याला किंवा गोदामाला पुरेल एवढी. पत्रे आणि पन्हळीला तीन आठवडे, सांगाडा उभा करायला दोन, कारखान्यात कटिंग, वेल्डिंग आणि रंगाला सहा, ड्रॉइंग होऊन मंजूर व्हायला तीन. झाले चौदा आठवडे. पाया कारखान्यातल्या कामाच्या बरोबरीने चालतो, त्याचे वेगळे धरलेले नाहीत. पण जानेवारीनंतर प्रत्येक फॅब्रिकेटरकडे, म्हणजे सांगाडा बनवणाऱ्या कारखान्याकडे, रांग असते आणि तुमचं लोखंड कापायला घेईपर्यंत पाच-सहा आठवडे सहज जातात. शिवाय होळीला उभारणीची माणसं गावी जातात. त्यामुळे ऑर्डर डिसेंबरच्या मध्यापर्यंत, ॲडव्हान्ससकट, जायला हवी. जमीन बिगरशेती केल्याची सनद, नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना हे सगळं त्याआधीच्या पावसाळ्यातच हलवायला घ्यावं.

दर मागताना ‘किलोला किती’ एवढंच विचारू नका. अशा शेडला चौरस मीटरला 25 ते 35 किलो लोखंड लागतं, म्हणजे सुमारे 15 ते 21 टन. इंजिनिअरने वाऱ्याचा वेग किती धरला ते विचारा. इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक असलेल्या आयएस 875 च्या तिसऱ्या भागात पणजीसाठी मूळ वेग सेकंदाला 39 मीटर आहे. कोटेशनमध्ये हा आकडाच नसेल तर स्वस्त दराचं कारण बहुधा तिथेच सापडेल.

आता पाया. सगळ्यात जास्त कामं इथेच बिघडतात. 6 मीटर अंतराने सहा फ्रेम (दोन कॉलम आणि त्यांना जोडणारी वरची तुळई), म्हणजे बारा कॉलम, प्रत्येकाला पायाशी जखडणारे चार बोल्ट, झाले 48. दोन्ही टोकांच्या भिंतींना तीन-तीन कॉलम, त्यांचे 24. एकूण 72 अँकर बोल्ट, आणि ते बसवतो गवंडी, ज्याने लोखंडाचं ड्रॉइंग बहुतेक वेळा पाहिलेलंच नसतं. फॅब्रिकेटरकडून बोल्टचा प्लॅन सगळ्यात आधी मागून घ्या आणि बेस प्लेटचीच (कॉलमच्या तळच्या प्लेटची) भोकं असलेले 6 मिलिमीटर पत्र्याचे टेम्प्लेट त्याच्याकडूनच करून घ्या. काँक्रीट ओतताना व्हायब्रेटरच्या धक्क्याने बोल्ट सरकतो, म्हणून कर्णांची मापं ओतण्याआधी घ्या आणि काँक्रीट ओलं असतानाच पुन्हा घ्या. 3 मिलिमीटरपर्यंतचा फरक निभावतो. 10-12 चा असला की साइटवर गॅस कटरने भोक मोठं केलं जातं आणि नट अर्धा हवेत राहतो. असं झालंच तर इंजिनिअरला विचारून जाड प्लेट वॉशर वेल्ड करून घ्या. बेस प्लेटखाली 50 मिलिमीटर ग्राउटची (नंतर भरायच्या सिमेंटच्या मसाल्याची) जागा आणि दोन नटांची उंची धरून बोल्ट 130 ते 150 मिलिमीटर वर राहायला हवा. जांभ्याच्या जमिनीवर पाया सोपा जातो. खाजन (खाडीकाठची सखल, खारी जमीन) किंवा भराव असेल तर माती परीक्षण ऑर्डरच्या आधी करा, कारण फुटिंग बदललं की सगळ्या तारखा सरकतात.

उभारणीत ब्रेसिंगचा, म्हणजे तिरप्या आधारांचा, दोन फ्रेममधला गाळा आधी पूर्ण करायचा, मग त्याला धरून पुढच्या फ्रेम. ब्रेसिंग ‘नंतर लावू’ म्हणत सुट्या फ्रेम संध्याकाळच्या वाऱ्यात उभ्या ठेवू देऊ नका. हायड्रा क्रेन आणि 12 मीटरचा ट्रेलर तुमच्या वाड्यावरून वळतो का, विजेच्या तारा आणि माडांच्या झावळ्या आड येतात का, हे आधी चालत जाऊन बघा.

पत्रा 0.5 मिलिमीटरचा, ॲल्युमिनियम-झिंकचा थर असलेला, रंगीत. एका उताराला 10.6 मीटरचा अखंड तुकडा घेतला की मध्ये जोड येत नाही. दोन्ही बाजू मिळून 62 पत्रे आणि सव्वातीन हजारांच्या आसपास स्क्रू. आपल्याकडे पावसाचा वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पत्रे पूर्व-पश्चिम रांगेत बसणार असतील तर पूर्वेच्या टोकापासून सुरुवात करा, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याकडे राहत नाही. स्क्रूचा रबरी वॉशर किंचित दबलेला दिसावा. चेपून बाहेर आलेला रबर उन्हात चिरतो आणि तिथूनच गळती सुरू होते. ग्राइंडरने पत्रा कापू देऊ नका. उडालेला लोखंडी कीस दवाने एका रात्रीत गंजतो आणि रंग खातो. पन्हळीला प्रत्येक बाहेरच्या कॉलमपाशी 150 मिलिमीटरचा पाइप द्या. भिंतीचा खालचा मीटरभर भाग चिऱ्यांचाच बरा, कारण उडणाऱ्या पाण्याने पत्रा तिथे आधी कुजतो.

फेब्रुवारी संपेपर्यंत ऑर्डर गेली नसेल तर धावपळ करून अर्धं छप्पर टाकू नका. मेपर्यंत फक्त पाया करा, लोखंड पावसाळ्यात कारखान्यात बनवून घ्या आणि उभारणी पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात करा. तेव्हा फॅब्रिकेटर मोकळा असतो, दरावर बोलता येतं. एक अट करारात घाला: रंग बंदिस्त जागेत, हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली असतानाच. आणि पायातून वर आलेल्या बोल्टांच्या आट्यांना भरपूर ग्रीस लावून त्यावर पीव्हीसी पाइपचे तुकडे टोपण लावून बसवा, नाहीतर ऑक्टोबरात नट फिरणार नाहीत.