कायमचे घर मिळेपर्यंत: निवारा केंद्रात तात्पुरती पालक होतानाचा माझा अनुभव

बेघर प्राण्यांच्या निवारा केंद्रात तात्पुरती पालक म्हणून, म्हणजे एखाद्या प्राण्याला कायमचे घर मिळेपर्यंत आपल्याकडे सांभाळणारी व्यक्ती म्हणून, नाव नोंदवायचे तर तीन अटी होत्या: सविस्तर अर्ज, घराची पाहणी आणि त्याआधी काही आठवडे प्रत्यक्ष केंद्रात काम. अर्जात घरातील माणसांची वये, घर भाड्याचे असल्यास मालकाची लेखी संमती, आधीपासून असलेल्या प्राण्यांचे लसीकरण आणि दिवसातून किती तास घर रिकामे असते, असे प्रश्न होते. ते भरायला वेळ लागला नाही. तिसरी अट मात्र अनेकांना जाचक वाटते आणि बरेच अर्जदार तिथेच गळतात. कुत्रा घरी आल्यावर दोन दिवस कोपऱ्यात का बसून राहतो हे समजायचे असेल, तर तो कशातून आला आहे हे आधी पाहिलेले असावे, असे केंद्राच्या समन्वयक बाईंचे म्हणणे होते. मला ते पटले आणि या प्रक्रियेतला सर्वांत उपयोगी भागही तोच ठरला.

सुरुवातीला मला दाखल विभागात नोंदी लिहिण्याचे काम मिळाले. आलेल्या प्रत्येक प्राण्यावरून सर्वांत आधी मायक्रोचिपचा स्कॅनर फिरवतात. सुमारे १२ मिलिमीटर लांबीची, प्राण्याचा ओळख क्रमांक साठवलेली ही चिप खांद्यांच्या मधे कातडीखाली बसवलेली असते, पण ती कधीकधी सरकते, म्हणून मान, दोन्ही बगला आणि पुढच्या पायांपर्यंत स्कॅनर सावकाश फिरवावा लागतो आणि काही सापडले नाही तरी दुसऱ्यांदा पाहावे लागते. १५ अंकी क्रमांक दिसला की मालकाचा शोध सुरू होतो, कारण हरवलेल्या प्राण्यासाठी नवे घर शोधण्यापेक्षा त्याचे जुने घर सापडणे केव्हाही चांगले. त्यानंतर दात पाहून वयाचा अंदाज घेतात. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात आणि साधारण सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दात येतात. तिथपर्यंत वय बऱ्यापैकी नेमके सांगता येते, पुढे मात्र दातांची झीज आणि त्यांवरचा पिवळा थर यांवरून केवळ अदमास बांधायचा. अंगावर हात फिरवून बरगड्या, कणा आणि कंबर चाचपतात आणि १ (अगदी खंगलेला) ते ९ (अतिलठ्ठ) या मोजपट्टीवर अंगकाठीचा आकडा लिहितात. कुत्र्यांमध्ये ४ किंवा ५ हा आकडा चांगला. अगदी खंगलेल्या प्राण्यापुढे भरलेले ताट ठेवण्याचा मोह आवरावा लागतो, कारण दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाल्ले तर रक्तातील फॉस्फेटचे प्रमाण झपाट्याने घसरून जीवही जाऊ शकतो. अशा प्राण्याला डॉक्टर सांगतील तितकेच, थोडेथोडे आणि अनेकदा देतात.

लस दाखल होतानाच टोचली जाते, उद्यावर ढकलली जात नाही. संसर्गाचा धोका दारातून आत पाऊल टाकताच सुरू होतो. रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांच्या वयानंतर देतात, पण डिस्टेंपर आणि पार्व्हो या विषाणूंमुळे होणाऱ्या जीवघेण्या आजारांच्या लसी पिल्लांना चार ते सहा आठवड्यांच्या वयापासूनच सुरू होतात आणि ठरावीक अंतराने पुन्हा द्याव्या लागतात, कारण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीच्या आड येते आणि ती नेमकी कधी ओसरेल हे बाहेरून कळत नाही.

मालक स्वतःहून सोडायला येतो तेव्हा टेबलामागच्या कार्यकर्त्या त्याला एका शब्दानेही टोचून बोलत नसत. आधी मला त्यांच्या संयमाचे कौतुक वाटले आणि मग त्यामागचे व्यवहारी कारण कळले: सोडणाऱ्याला अपराधी वाटायला लावले, तर तो खरी माहिती देत नाही, किंवा पुढच्या वेळी कोणी प्राण्याला परस्पर रस्त्यावर सोडून मोकळा होतो. एक वयस्कर गृहस्थ आजारपणामुळे आपला कुत्रा द्यायला आले होते. "आजोबा, तो कशाला घाबरतो?" असे विचारल्यावर ते बराच वेळ थांबून म्हणाले, "विजा कडाडल्या की पलंगाखाली जातो. ओढून बाहेर काढू नका, आपला आपण येतो." हे वाक्य जसेच्या तसे कार्डावर लिहून पिंजऱ्याच्या दाराला अडकवले गेले.

यानंतर मला साफसफाईवर नेमले. प्राण्यांच्या लाडांसाठी म्हणून जे येतात त्यांचा इथे हिरमोड होतो, कारण कामाचा मोठा भाग फरशी, भांडी आणि चादरी यांतच जातो. पण केंद्र चालते कसे हे खरे याच कामात कळते. सफाईचा क्रम ठरलेला असतो आणि तो कोणासाठीही मोडत नाहीत: आधी निरोगी पिल्ले आणि त्यांच्या आया, मग निरोगी मोठे प्राणी, त्यानंतर विलगीकरणात ठेवलेले नवे प्राणी आणि सर्वांत शेवटी आजारी. आजारी कक्षात एकदा पाऊल टाकले की त्या दिवशी पिल्लांकडे परत जायचे नाही. या सगळ्या शिस्तीच्या मुळाशी प्रामुख्याने पार्व्हो आहे. हा विषाणू जमिनीत आणि फटींमध्ये कित्येक महिने टिकतो आणि फरशी पुसण्याची नेहमीची अनेक जंतुनाशके त्याच्यावर भरवशाने चालत नाहीत. घरगुती ब्लीच एका भागाला ३२ भाग पाणी या प्रमाणात चालते, पण त्यालाही दोन पथ्ये आहेत. विष्ठा आणि मळ आधी साबणाने पूर्ण धुऊन काढावा लागतो, नाहीतर ब्लीच त्या घाणीवरच खर्ची पडते. आणि लावल्यावर फरशी दहा मिनिटे ओली राहावी लागते. दहा मिनिटे म्हणजे दहाच मिनिटे, हे सांगायला भिंतीवर मोठे घड्याळ लावलेले होते.

मांजरांच्या कक्षात बरोबर उलटी शिस्त होती. तिथे तेच मांजर त्याच पिंजऱ्यात राहणार असेल, तर रोज सगळे काढून धुवायचे नाही. मळलेली जागा पुसायची, मातीची ट्रे बदलायची आणि त्याच्या वासाची चादर तशीच ठेवायची. मांजरांच्या नागीण गटातील विषाणूचा संसर्ग एकदा झाला की तो शरीरात दबा धरून राहतो आणि मांजर तणावाखाली आले की उफाळून येतो. म्हणजे अतिउत्साही सफाईनेच शिंका आणि डोळ्यांतून पाणी वाहणे सुरू होऊ शकते. प्रत्येक पिंजऱ्यात लपायला एक पुठ्ठ्याचे खोके असे. खोक्यात शिरलेले मांजर पाहुण्यांना दिसत नाही म्हणून ते काढून टाकावे, असे काही नव्या स्वयंसेवकांना वाटते. प्रत्यक्षात लपायला जागा असलेले मांजर लवकर सावरते आणि सावरल्यावर आपणहून पुढे येऊन बसते.

कुत्र्यांच्या बाजूला मला सर्वांत असह्य वाटला तो आवाज. भरलेल्या कक्षात सगळे एकदम भुंकू लागले की पातळी १०० डेसिबलच्या वर जाऊ शकते, आणि कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. त्यामुळे दारे न आपटणे, दोन कुत्र्यांची तोंडे समोरासमोर येणार नाहीत असे त्यांना ठेवणे, जाळीच्या खालच्या भागावर आडोसा बांधणे, अशा बारीकसारीक गोष्टींवर तिथे बराच खल होत असे.

रोज सकाळी डॉक्टर, वर्तनतज्ज्ञ आणि समन्वयक मिळून प्रत्येक पिंजऱ्यासमोर थांबत आणि एकच प्रश्न विचारत: हा कशासाठी थांबला आहे? कोणाची नसबंदी व्हायची असे, कोणाचे छायाचित्र काढायचे राहिलेले असे, कोणाच्या मालकाला दिलेली मुदत संपायची असे. केवळ राहून गेलेल्या कामामुळे कोणी एक दिवसही जास्त अडकू नये, हा त्या फेरीचा हेतू. याचे गणित सोपे आहे. रोज पाच कुत्रे येत असतील आणि प्रत्येक जण सरासरी ३० दिवस राहत असेल, तर केंद्रात कायम १५० कुत्रे असतील. तोच मुक्काम २० दिवसांवर आणला, तर १००. येणाऱ्यांची संख्या तीच, घरे मिळण्याची संख्याही तीच, पण काळजी घेणाऱ्या माणसांच्या वाट्याला एक तृतीयांश प्राणी कमी. प्रत्येक प्राण्याला सफाईसाठी नऊ आणि खाणे-पाणी देण्यासाठी सहा अशी रोज किमान १५ मिनिटे लागतात, असा या क्षेत्रात वापरला जाणारा एक दंडक आहे. ४० प्राणी म्हणजे दहा तास झाले, आणि त्यात फिरवणे, खेळवणे, औषधे काहीच धरलेले नाही. म्हणून केंद्राची क्षमता पिंजऱ्यांच्या संख्येवर मोजणे चुकीचे आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. असोसिएशन ऑफ शेल्टर व्हेटरिनेरियन्स या निवारा केंद्रांतील पशुवैद्यांच्या संघटनेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या आणि २०२२ साली सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांचाही भर काळजी घेण्याच्या ताकदीवरच आहे. मुक्काम कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे प्राण्याला केंद्राबाहेर सांभाळणारी घरे, आणि माझ्यासारख्यांची गरज तिथे लागते.

घराची पाहणी माझ्या कल्पनेपेक्षा साधी निघाली. आलेल्या कार्यकर्तीने स्वच्छतेकडे पाहिलेदेखील नाही. दाराची कडी कुत्र्याच्या पंजाने उघडते का, गॅलरीच्या गजांमधून डोके बाहेर जाईल का, औषधे आणि कचऱ्याचा डबा कुठे असतो, एवढेच तिने तपासले. फुलदाणीतील लिलीकडे बोट दाखवून ती म्हणाली, "ताई, कुत्र्यासाठी चालेल, पण कधी मांजर घेतलेत तर ही घरात नको." लिलीचे परागकण अंगावरून चाटले गेले, तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. करारात प्राणी केंद्राच्याच मालकीचा राहील, उपचारांचा खर्च केंद्र करील, मी तो परस्पर कोणाला देणार नाही आणि बाहेर नेताना गळपट्टा व छातीचा पट्टा दोन्ही बांधीन, ही कलमे होती.

मला जी कुत्री मिळाली ती तपकिरी रंगाची, मोठी आणि केंद्रात कायम मागच्या भिंतीला चिकटून बसणारी होती. तिच्या कार्डावर 'माणसांना टाळते' असे लिहिले होते, आणि त्याखाली वर्तनतज्ज्ञांनी कंसात 'इथे' हा एक शब्द लिहिला होता. कारण पिंजऱ्यातले वागणे हे घरातले वागणे नव्हे. नसबंदीचे टाके असल्याने ती गळ्यात प्लास्टिकची चकती घेऊनच आली. पहिले काही दिवस तिने जेवण रात्री, कोणी नसतानाच खाल्ले. मला शिकवल्याप्रमाणे मी तिच्याकडे पाठ किंवा बाजू करून जमिनीवर बसत असे, डोळ्यांत न बघता खाऊ टाकत असे, आणि ती ओठ चाटू लागली, जांभई देऊ लागली किंवा डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, म्हणजे अस्वस्थतेची खूण दिसली, की तिथेच थांबत असे. रोज संध्याकाळी केंद्राला टिपण पाठवायचे असे: किती खाल्ले, शौचाला कशी झाली, एकटी किती वेळ राहिली, कशाला बिचकली. झाडू हातात घेतला की ती भिंतीशी सपाट होते, हे त्यातूनच पुढे आले. मग झाडू काही दिवस जमिनीवर आडवा पडून राहिला आणि तिचा खाऊ त्याच्या आसपास, नंतर अगदी त्याला लागून ठेवला जाऊ लागला. ती त्यावरून उडी मारून पलीकडे जाऊ लागल्यावर मी तो उचलायला सुरुवात केली, तोही आधी वीतभरच.

तिची माहिती प्रसिद्ध झाल्यावर आलेल्या पहिल्या कुटुंबाचे घर दिवसभर रिकामे असे. केंद्राने त्यांना नकार दिला नाही. गप्पा मारता मारता एका शांत, वयस्क कुत्र्याकडे त्यांचे लक्ष वळवले आणि ते त्यालाच घेऊन गेले. नियमांची यादी समोर ठेवून लोकांना गाळण्यापेक्षा ही पद्धत मला अधिक शहाणपणाची वाटते. दुसऱ्या जोडप्याकडे आधीच एक म्हातारा कुत्रा होता. दोघा कुत्र्यांना मोकळ्या मैदानात, बऱ्याच अंतरावरून समांतर चालवत हळूहळू जवळ आणले गेले, आणि माझी झाडूची टिपणे त्या जोडप्याने दोनदा वाचली. कागदपत्रांत चिप त्यांच्या नावावर नोंदवणे हे पहिले काम होते, कारण नोंद नसलेली चिप म्हणजे कोणाचाच नसलेला क्रमांक. काही कारणाने सांभाळणे अशक्य झाले, तर कितीही वर्षांनी कुत्री केंद्राकडेच परत आणावी, असेही कलम होते. मी तिची न धुतलेली चादर बरोबर दिली.

थोड्याच दिवसांनी समन्वयक बाईंचा फोन आला: पिल्लांना पाजणारी एक मांजरी आहे, वेगळी खोली देता येईल का? घराची पाहणी पुन्हा करावी लागली नाही, पण प्रशिक्षण मात्र नव्याने घ्यावे लागले. मांजराच्या पिल्लांना माणसांची सवय लागण्याचा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचाच असतो, म्हणून त्यांना रोज हाताळायचे असते. शिवाय प्रत्येकाचे वजन रोज ठरलेल्या वेळी ग्रॅममध्ये करायचे, दिवसाला साधारण दहा ग्रॅम वाढ अपेक्षित धरायची आणि एखाद्याचे वजन वाढण्याऐवजी घटले, तर सकाळची वाट न पाहता केंद्राला कळवायचे.