गुंतवळीची वही : चौदा आठवडे, दोन ड्रेन, चार हत्यारं

काल ड्रेनमधले केस काढायची चौदाव्या आठवड्याची खेप झाली. बेसिनमधून गुंतवळ अख्खी आली, २३ सेंटिमीटर लांब, मधे कुठेही न सुटता. अशी ही सलग चौथी. पहिले दोन महिने मात्र बहुतेक खेपांना अर्धीच हाती यायची आणि उरलेली खाली ट्रॅपमध्ये, म्हणजे पाइपाच्या पाणी साठून राहणाऱ्या भागात, जाऊन बसायची. हा फरक कशाने पडला ते आता उमगलंय असं वाटतं, म्हणून वहीतल्या नोंदी सलग लिहून काढते आहे.

आधी मांडणी. बेसिन आणि शॉवरखालचं ड्रेन, अशा दोनच जागा धरल्या आहेत. बेसिनचा वेस्ट पाइप ३२ मिलिमीटरचा, वर वेस्ट कपलिंग, म्हणजे बेसिनच्या भोकात बसणारा जोड, त्यात अधिकच्या चिन्हासारखी फुली, खाली बॉटल ट्रॅप, म्हणजे उघडता येणारी वाटी असलेला ट्रॅप. शॉवरखाली उचलता येणारी जाळी आणि तिच्याखाली नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीत बसवलेला ट्रॅप. घरात आम्ही तिघी लांब केसांच्या. माणसाचे दिवसाला साधारण ५० ते १०० केस गळतात. त्यातले बरेच कंगव्यात अडकतात, पण न्हाताना जे सुटतात ते थेट खाली जातात.

दर खेपेला तीनच गोष्टी लिहिते. बूच लावून बेसिनमध्ये ५ लिटर पाणी भरायचं, बूच काढायचं आणि रिकामं व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. केस काढल्यावर पुन्हा तेच. निघालेली गुंतवळ धुऊन, वाळवून तिचं वजन करायचं. घड्याळ लेकीच्या हातात असतं, पण सेकंदांपेक्षा तिचं लक्ष भोवऱ्याकडे. "आई, अजून भोवरा पडला नाही, म्हणजे आत काहीतरी आहे." आणि तिचं खरं निघालं. मोकळ्या ड्रेनवर भोवरा लगेच पडतो, शेवटी घळघळ आवाज येतो. तुंबायला लागलं की पाणी नुसतं सपाट बसत जातं. आकडा हाती यायच्या आधीच ही खूण दिसते.

पहिल्या दिवशी १ मिनिट ५२ सेकंद लागले होते. काल केस काढल्यावर १३ सेकंद.

ओल्या गुंतवळीचं वजन फसवं असतं. पहिली ओली असताना ४१ ग्रॅम भरली, धुऊन चार दिवस वाळल्यावर २.१ ग्रॅम. बाकीचं सगळं पाणी आणि चिकटा. लेकीचे हातभर लांब असे १०० केस मोजून काट्यावर ठेवले तर पाव ग्रॅमला किंचित कमी भरले. त्या हिशेबाने त्या एका गुंतवळीत आठशेच्या वर केस होते. आणि गंमत म्हणजे, नुसते आठशे केस पाणी अडवत नाहीत, त्यांच्यातून पाणी सहज झिरपतं. पाणी अडतं ते चिकट्याने. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वडीच्या साबणाशी मिळून न विरघळणारा पांढुरका साका तयार करतात. तो केसांच्या जाळ्यात धरला जातो, त्यावर बुळबुळीत थर वाढतो. ड्रेनमध्ये घोंघावणाऱ्या त्या बारीक केसाळ माश्यांच्या अळ्या याच थरावर जगतात. म्हणून केस निघाले की माश्याही कमी होतात. आमच्याकडे सहाव्या आठवड्यानंतर एकही दिसलेली नाही.

आता हत्यारं.

पहिलं म्हणजे सगळ्यांच्या ओळखीची प्लॅस्टिकची दातेरी पट्टी, साधारण अर्धा मीटर लांब, दोन्ही कडांना मागे झुकलेले दात. दुसरं, अंगठ्याने दाबलं की पुढे तीन नख्या उघडणारी लवचीक स्प्रिंग. तिसरी, हाताने फिरवायची, ड्रममध्ये गुंडाळलेली ३ मीटरची स्प्रिंग. चौथी, पीळ दिलेली बारीक तार, टोकाला बोटभर लांबीचा खरखरीत भाग, त्यावर डोळ्याला जेमतेम दिसतील असे असंख्य बारीक हुक, आणि मागे फिरवायला छोटी मूठ.

नख्यांच्या स्प्रिंगबद्दल फार लिहीत नाही. केसांसाठी ती कामाची नाही. नख्या मिटतात तेव्हा मधले चार केस धरले जातात, बाकीचे बाजूने निसटतात. टूथपेस्टचं झाकण किंवा केसांची पिन आत पडली तर मात्र तिच्यासारखं दुसरं काही नाही. ड्रमची स्प्रिंग बॉटल ट्रॅपमध्ये वळतच नाही. ती नहाणी ट्रॅपच्या पुढच्या पाइपसाठी राखून ठेवली आहे, आणि चौदा आठवड्यांत एकदाच काढावी लागली. कारण साधं आहे: घरातल्या ड्रेनमध्ये केस फार खोल जात नाहीत. माझ्या सगळ्या नोंदी पाहिल्या तर गुंतवळीचं मूळ तोंडापासून वीतभर अंतरातच सापडतं. बेसिनमध्ये ते फुलीवर असतं.

ही फुली मी विजेरी लावून आणि आरसा धरून नीट पाहिली आहे. एखादा केस वाहत येतो, मध्यावर आडवा पडतो आणि दोन्ही टोकं फुलीच्या दोन बाजूंनी खाली लोंबतात. तिथून तो हलत नाही. पुढचा केस त्यावर, त्यापुढचा त्यावर. खाली लोंबणारी टोकं पाण्याच्या भोवऱ्यात फिरत राहतात आणि त्यांची वेणी होते. गुंतवळ म्हणजे खरं तर फुलीवर टांगलेली वेणी, तळाशी जाड, वर बारीक.

केस इतके घट्ट का गुंततात हे हाताने समजून घ्यायचं असेल तर एक लांब केस घ्या. मुळाकडचं टोक एका हातात धरा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीतून मुळाकडून शेंड्याकडे ओढा. गुळगुळीत सरकतो. आता उलट, शेंड्याकडून मुळाकडे. बोटांना बारीक खरखर लागते, हलकासा किर्र आवाजही येतो. केसावर कौलांसारखे खवले असतात आणि ते सगळे शेंड्याच्या दिशेने झुकलेले असतात. त्यामुळे दोन केस उलट्या दिशांनी एकमेकांवर घासले की अडकतात. लोकरीचं नमदं याच गुणामुळे बनतं.

आता सहाव्या आठवड्यातला अपघात, कारण खरं शिक्षण तिथे झालं. तारेचं हत्यार नवीन होतं. मी ते फुलीच्या भोकातून खाली घातलं, वीस-बावीस वेळा गरगर फिरवलं आणि जोरात वर ओढलं. तार वर आली ती टोकाला सुपारीएवढा गोळा घेऊन. खाली "डुबुक" असा आवाज झाला आणि वेळ ३० सेकंदांवरून थेट दोन मिनिटांवर गेला. गुंतवळ मधे सुटून ट्रॅपच्या वाटीत पडली होती.

बादली खाली ठेवून बॉटल ट्रॅपची वाटी हाताने उघडली. ट्रॅपमधलं पाणी, ते साधारण ५० मिलिमीटरचं पाण्याचं कुलूप, पाइपातला दुर्गंध वर येऊ देत नाही. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली शौचकूपासाठी एस आकाराच्या वाकणाचं पेटंट घेतलं, त्यामागची कल्पना हीच. पण जिथे पाणी थांबतं तिथे केसही थांबतो. वाटीतून निघालेला तुकडा मी पांढऱ्या बशीत पसरला आणि भिंगाखाली पाहिला. मला वाटलं होतं की केस तुटले असतील. तुटलेला एकही नव्हता. सुटलेल्या टोकाशी सगळे केस विंचरल्यासारखे सरळ, समांतर. म्हणजे गुंतवळ तुटली नव्हती, घसरली होती.

विचार केला तर ते बरोबरच आहे. निरोगी डोक्याचा एक केस ५० ग्रॅमच्या वर वजन सहज पेलतो. शंभर केस म्हणजे ५ किलो झालं. त्यांच्याआधी प्लॅस्टिकचा दातच जाईल. (गेलाही. तिसऱ्या आठवड्यात दोन दात तुटले.) तेव्हा जोराने ओढण्यात अर्थ नाही, केस तुटायची भीती धरण्यातही नाही. सांभाळायचं ते घसरणं, आणि घसरण होते चिकट्यामुळे.

सातव्या आठवड्यापासून ओढायची पद्धत बदलली. ड्रेनमध्ये पाणी सोडून दहा मिनिटं तसंच ठेवायचं, म्हणजे वरचं पाणी निथळतं. तार फुलीखाली घालून एकाच दिशेने सात-आठ फेरे, जास्त नाही. उलट फिरवलं की धरलेले केस सुटतात, आणि वीस फेरे दिले की दोर इतका कडक आणि जाड होतो की तो फुलीच्या भोकातून वर येतच नाही. मग वर ओढायचं, पण अगदी सावकाश. मी मनात आकडे मोजते, एका सेकंदाला एक सेंटिमीटर. ओढताना गुंतवळ हळूहळू लांबते, बारीक होते, तिच्यातून करडा चिकटा पिळल्यासारखा खाली गळतो आणि केसाला केस लागतो. हाताला ते कळतं. आधी रबरासारखं मऊ वाटतं, मग एका क्षणी घट्ट. घट्ट झालं की थोडं थांबायचं, पुन्हा ओढायचं. सहाव्या आठवड्यात मी दोन सेकंदांत जे ओढलं होतं त्याला आता पाऊण मिनिट लागतं.

सातव्या ते दहाव्या आठवड्यांत चारांपैकी दोनदा अख्खी आली. उरलेल्या दोनदा फुलीवर अडली. ती अडचण ओढण्याने सुटणारी नव्हती, कारण मूळ फुलीला मिठी मारून बसलेलं असतं आणि आपण खालून वर खेचतो तेव्हा ती मिठी सैल होत नाही. यावर उपाय साधा निघाला: लांब टोकाच्या चिमट्याने आधी फुलीवरचे केस वर उचलून कात्रीने कापायचे, पण खालची गुंतवळ हत्याराने धरून ठेवल्यावरच. आधी कापलं तर सगळं ट्रॅपमध्ये. हा क्रम अकराव्या आठवड्यापासून पाळते आहे आणि तेव्हापासून चारही खेपा अख्ख्या आल्या.

दातेरी पट्टी मी सोडलेली नाही, उलट तिच्यावरच सगळ्यात जास्त वेळ गेला. तयार पट्टीला अगदी टोकापासून दात असतात आणि बाहेर काढताना शेवटचा दात नेमका फुलीखाली अडतो. म्हणून पुढच्या ४ सेंटिमीटरमधले दात कानशीने घासून काढले आणि टोक जिभेसारखं गोल केलं. आता टोक फुली चुकवून सहज खाली जातं आणि येतानाही अडत नाही. उरलेल्या दातांपैकी एकाआड एक काढला. दात दाट असले की प्रत्येकाच्या वाट्याला थोडे केस येतात आणि पट्टी फुगून अडते. विरळ असले की दोन-तीन दातच घट्ट धरतात. मधल्या कडाही घासल्या, कारण प्लॅस्टिकची बारीक कूस राहिली तर हातमोजा फाटतो.

शॉवरखाली मात्र पट्टीच वापरते. जाळी उचलली की फुली नाही, तोंड रुंद, आणि केस ट्रॅपच्या आतल्या कडेला चंद्रकोरीसारखे चिकटलेले असतात. तिथे फिरवून उपयोग नाही. पट्टी कडेला टेकवून अर्धं वर्तुळ खरवडायचं. सात मिनिटांचं काम, दर तीन आठवड्यांनी. कालच्या खेपेला वाळलेलं वजन लिहायचं बाकी आहे, त्याआधीच्या खेपेला १.४ ग्रॅम होतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. ड्रेनमध्ये आदल्या दिवशी कोणी कॉस्टिक सोडा किंवा ॲसिड ओतलं असेल तर पट्टी घालू नका. दात सुटताना झटका बसतो आणि थेंब थेट तोंडावर उडतात. मी चष्मा लावूनच बसते, साधं पाणी असलं तरी. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. उकळतं पाणीही नको. पीव्हीसी साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं. कॉस्टिकने केस विरघळतात हे खरं, पण जाडजूड गुंतवळीला त्यात वेळ लागतो आणि बहुतेकदा ती अर्धवट विरघळून खाली सरकते. हाताने काढलेली गुंतवळ बशीत दिसते, किती होती आणि कुठून आली ते कळतं.

हत्यार धुण्याबद्दल थोडंसं. तारेच्या बारीक हुकांतून केस बोटांनी निघत नाहीत. उलट्या दिशेने, म्हणजे ज्या दिशेने फिरवलं त्याच्या विरुद्ध, मूठ फिरवत जुन्या टूथब्रशने खाली ढकलले की एका पट्ट्यात उतरतात. हुक चपटे व्हायला लागले की पकड कमी होते. माझ्या तारेवरचे पहिल्या दोन ओळींतले हुक आता झोपले आहेत, त्यामुळे फेरे सातवरून नऊवर न्यावे लागले.

पुढच्या खेपेसाठी पट्टीचं टोक आणखी २ मिलिमीटरने अरुंद केलं आहे आणि फुलीच्या भोकातून तिरकं न घालता अगदी सरळ घालून पाहणार आहे. लेकीने भोवरा पडायला लागणारा वेळ वेगळ्या रकान्यात लिहायला सुरुवात केली आहे. काल तिच्या घड्याळात तो ४ सेकंद आला.