आठाचा हिशेब

मंगळवारी रात्री पावणेनऊला मी रील, म्हणजे जलद ठेक्याचा स्कॉटिश नाच, अर्ध्यात बंद केली. बारा वर्षं शिकवतेय, पण नाच चालू असताना लॅपटॉपला कधी हात लावला नव्हता.

मी मूळची सांगलीची, राहते स्कॉटलंडमध्ये, फाइफमधल्या एका लहान गावात. दिवसभर फिजिओथेरपिस्ट आणि मंगळवारी रात्री चर्चच्या हॉलमध्ये स्कॉटिश कंट्री डान्सची मास्तरीण. गट माझ्या कितीतरी आधीचा. कपाटात वर कॅसेटी, खाली तबकड्या.

लोकांना वाटतं, गट चालवायचा म्हणजे नाच शिकवायचा. छे! आठ माणसं जमवायची. चार जोड्यांचा एक सेट. सात आले की कुणीतरी भुताचा हात धरून नाचायचं, नऊ आले की एकजण खुर्चीत. सोमवारी रात्री मी फोनवर असते ती लोकांच्या गुडघ्यांची आणि नातवंडांची चौकशी करत.

त्या दिवशी जुने सहा आले आणि दोन नव्या मुली. आठ! कित्येक महिन्यांनी मला सेटबाहेर उभं राहून शिकवता येणार होतं. नवीन माणसाला चौथ्या जोडीत, मुरलेल्या जोडीदाराबरोबर उभं करायचं असतं. आठ वेळा नाच होतो, प्रत्येक जोडी दोनदा पुढाकार घेते. चौथीची पाळी सातव्या खेपेला. तोवर सहादा बघून झालेलं असतं. म्हणून एकीला मी आमच्या खजिनदारांबरोबर चौथ्या जोडीत ठेवलं. तीस वर्षं नाचणारे गृहस्थ, हॉलची किल्ली त्यांच्याकडे, चहाची टाकीही तेच लावतात.

चहानंतर ते म्हणाले, ‘आज सेट भरलाय, एक्कावन्नावी होऊ दे.’

‘रील ऑफ द फिफ्टीफर्स्ट डिव्हिजन.’ जून १९४० मध्ये फ्रान्सच्या सेंट व्हॅलरीला ब्रिटिश सैन्याची ही हायलँड डिव्हिजन जर्मनांच्या हाती सापडली. तिच्यातल्या कैदी अधिकाऱ्यांनी बव्हेरियातल्या लाउफेनच्या छावणीत हा नाच बसवला. मधली जोडी दोन कोपऱ्यांतल्या माणसांचे हात धरते आणि चौघांची तिरकी रांग होते. मग दुसऱ्या कोपऱ्यांबरोबर उलटी तिरकी. दोन्ही मिळून सेंट अँड्र्यूचा क्रॉस, स्कॉटलंडच्या झेंड्यावरचा. वरून पाहावा असा नाच. खजिनदारांचे वडील त्याच डिव्हिजनमधले. हे ते दरवर्षी सांगतात, आणि दरवर्षी आम्ही पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकतो.

पहिल्या दिवशीच्या माणसाला हा नाच द्यायचा नसतो. मी दिला.

सहा खेपा झकास झाल्या. सातवी. दोघं पाठीला पाठ लावून आपापल्या कोपऱ्याकडे तोंड करणार, तर नवी मुलगी उजवीकडे वळायची ती डावीकडे वळली. तीनजणांनी एकदम बोटं दाखवली, तीन वेगवेगळ्या दिशांना. जुन्या नाचणाऱ्यांची ही खोडच; स्वतःचं पाऊल कधी बघणार नाहीत. खजिनदारांनी मागे वळून तिचा दंड धरला आणि तिला ढकललं. जोरात नाही, पण ढकललंच. दंडावर चार बोटं उमटलेली मला भिंतीपासून दिसली.

मी स्पेसबार दाबला. सगळ्यांसमोर म्हणाले, ‘अंगाला हात लावायचा नाही. शिकवायला मी आहे.’

स्कॉटिश कंट्री डान्सची सोसायटी १९२३ साली ग्लासगोत ज्या दोघींनी काढली, त्यांतल्या जीन मिलिगन व्यायामशिक्षिका होत्या. पाऊल कुठं, टाच कुठं, ही शिस्त तिथून आलेली आणि ती मला आवडते. संगीताचं आवर्तन संपताना आठही माणसं जागेवर पोचतात तेव्हा अजून अंगावर काटा येतो. पण आईच्या मंगळागौरीत झिम्म्याची टाळी चुकली की बायका खदखदून हसायच्या आणि खेळ चालू राहायचा. इथं चूक झाली की शोकसभा.

खजिनदारांनी खुर्चीत बसून नाचाच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. त्या घोट्याभोवती गुंडाळलेल्या असतात, वेळ लागतो. कुणी बोलेना. मग त्यांनी चहाची टाकी रिकामी केली, विसळली, पुसली, किल्ली तिच्या झाकणावर ठेवली आणि निघून गेले.

मुलगी जाताना म्हणाली, ‘मजा आली, थँक्यू.’ इतकी वर्षं इथं काढल्यावर एवढं इंग्रजी मला कळतं. ती येणार नव्हती.

खजिनदारांना बाजूला घेऊन बोलता आलं असतं. पण मग तिनं काय पाहिलं असतं? वडलांच्या नाचाचा क्रॉस मोडताना बघून त्यांचा हात गेला असेल, हेही खरं. त्यांना मेसेज दोनदा लिहिला, दोनदा पुसला.

काल आम्ही सहाजण होतो, माझ्यासकट. तीन जोड्यांचे नाच केले. चहा झाला नाही. टाकी तापायला किती वेळ लागतो, ती किती वाजता लावायची, आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.